दिवाळीनंतरची नदी

महाराष्ट्राच्या पठारावरील एखादी लहान नदी श्रावणात दुथडी भरून वाहते, तेव्हा तिच्यातील बहुतेक पाणी उतारांवरून थेट वाहून आलेले पावसाचे पाणी असते. परंतु पाऊस थांबून महिना-दीड महिना उलटल्यावर, म्हणजे साधारणपणे दिवाळीनंतर, वरच्या अंगाला धरण नसतानाही त्याच पात्रात जी धार टिकून राहते ती भूजलाची असते. डोंगरउतारांवर आणि शेतांत मुरलेले पाणी जमिनीखालून सावकाश सरकत येते, नदीच्या काठांतून व तळातून पाझरते, आणि या पाझरालाच जलविज्ञानात पायाप्रवाह असे म्हणतात. ज्या वर्षी परिसरातील विहिरींची पातळी नदीच्या तळापेक्षा वर असते त्या वर्षी भूजल नदीला पाणी देते. उपशामुळे ती पातळी तळाच्या खाली गेली की हा व्यवहार उलटतो आणि नदीतच उरलेले पाणी जमिनीत ओढले जाऊ लागते. नदी उन्हाळ्यापर्यंत वाहणार की पौषातच आटणार, याचा निर्णय म्हणूनच काठावरच्या आणि काठापासून कोसभर दूर असलेल्या विहिरींवर होत असतो. नदीचे रक्षण म्हणजे पात्रातील कचरा काढणे, काठ बांधून काढणे किंवा घाट सुशोभित करणे, अशी जी समजूत शहरांत रूढ आहे ती या एका वस्तुस्थितीपुढे फार अपुरी ठरते.

ज्या भूभागावर पडलेल्या पावसाचे पाणी वाहत येऊन एकाच ठिकाणाहून बाहेर पडते त्या भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात, आणि दोन पाणलोटांना वेगळे करणाऱ्या उंचवट्याच्या रेषेला जलविभाजक म्हणतात. पाणलोट लहानमोठे असतात व एकात एक सामावलेले असतात: ओढ्याचा पाणलोट उपनदीच्या, उपनदीचा नदीच्या आणि नदीचा अखेर गोदावरी, कृष्णा किंवा तापी यांच्या खोऱ्याचा भाग असतो. पाणलोटाचे गणित मांडण्याची रीत सोपी आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी मिळते. त्यामुळे वर्षाला अवघा ४०० मिलिमीटर पाऊस असलेल्या, अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, एक हजार हेक्टरच्या गावशिवारातही वर्षभरात ४०० कोटी लिटर पाणी आभाळातून उतरते. त्यातील बराच मोठा भाग बाष्पीभवनाने आणि पिके व झाडोरा यांच्या पानांतून परत हवेत जातो, काही वाहून जाते, आणि उरलेला लहानसा हिस्सा जमिनीत खोलवर मुरून भूजलाला मिळतो. विहीर आणि दिवाळीनंतरची नदी या दोघींना मिळून हा लहानसा हिस्साच वाट्याला येतो.

तो साठतो कोठे, हे समजण्यासाठी खडकाकडे पाहावे लागते. महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला काळा पाषाण आहे, आणि तो थरांवर थर अशा रीतीने पसरलेला आहे. या थरांपैकी सच्छिद्र व झिजलेल्या खडकात पाणी राहते, शेतकरी ज्याला मुरूम म्हणतात त्या कुजलेल्या खडकातही ते राहते. मात्र अखंड, कठीण पाषाणात ते केवळ भेगांपुरते मिळते. पाणी धरून ठेवणाऱ्या व सोडणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. नदीकाठच्या वाळूच्या मानाने बेसाल्टचा जलधर फार कृपण असतो, कारण झिजलेल्या बेसाल्टमधून विहिरीला मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के एवढेच धरले जाते. शंभर हेक्टर क्षेत्राखालील भूजलपातळी दहा मीटरनी चढली तर दोन लाख घनमीटर, म्हणजे वीस कोटी लिटर पाणी साठले असा त्याचा अर्थ होतो. अशा खडकात विहिरी एका चांगल्या पावसाने भरतात आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकाम्याही होतात. उत्तरेतील गाळाच्या मैदानांत वर्षानुवर्षांचा साठा जमिनीखाली पडून असतो. येथे मात्र जवळजवळ दरवर्षी नव्याने हिशेब करावा लागतो, आणि ज्या गावाने तो केला नाही त्याला पुढचा पावसाळा येईपर्यंत टँकरची वाट पाहावी लागते.

पाणी जिरवण्याचे तंत्र महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार देण्यासाठी जी कामे निघाली त्यांपासून आजवर सलग समतल चर, बांधबंदिस्ती, अनगड दगडी बांध, माती नाला बांध, सिमेंट नाला बांध आणि पाझर तलाव या रचना राज्यातील असंख्य शिवारांत झाल्या. त्या कोणत्या क्रमाने कराव्यात याचे तत्त्व 'माथा ते पायथा' या शब्दांत सांगितले जाते: आधी डोंगरमाथ्यावर व उतारावर चर खोदून, झाडे व गवत राखून पाण्याचा वेग कमी करायचा, मग मधल्या शेतांची बांधबंदिस्ती करायची, आणि सर्वांत शेवटी नाल्यावर बंधारे घालायचे. हा क्रम उलटला, माथा उघडा ठेवून थेट नाल्यात बंधारा बांधला, तर वरून येणारी माती दोन-चार पावसाळ्यांत बंधारा भरून टाकते. यंत्रे लावून नाले खोल व रुंद करण्याचा जो सपाटा मधल्या काळात चालला त्यात हा क्रम पुष्कळदा विसरला गेला, शिवाय पाणी धरून ठेवणारा मुरुमाचा थरच खरवडला गेला तर नाल्याला लागून असलेल्या विहिरींचे पाणी उघड्या खड्ड्यात येऊन उन्हाने उडून जाते, याचाही विचार झाला नाही. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीतून उपसा करून भरणे हा याच विसराचा दुसरा प्रकार होय, कारण जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी त्यात एकाच्या मालकीचे होऊन उघड्यावर आणले जाते.

तरीही तंत्रातील चुका दुरुस्त करता येतात. खरी अडचण रचना नीट झाल्यानंतर सुरू होते. पाणी अडवले, जिरवले, विहिरींची पातळी वाढली, की त्याच पाण्यावर नव्या विहिरी व विंधनविहिरी पडतात, ऊस किंवा फळबागा वाढतात, आणि काही वर्षांत गाव पूर्वीच्याच टंचाईत, पण वाढलेल्या कर्जासह, परत येते. या घडण्याला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालील पाणी काढण्याचा हक्क जमिनीच्या मालकाशी जोडला, आणि वाहत्या भूजलाला शेताचे बांध कळत नसले तरी व्यवहारात ते ज्याची जमीन व ज्याचा पंप मोठा त्याचे झाले. साध्या आकड्यांतून हे किती विषम आहे ते दिसते. माणशी दररोज ५५ लिटर या जल जीवन मिशनच्या प्रमाणाने दीड हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पिण्यासाठी व घरकामासाठी सुमारे तीन कोटी लिटर पाणी लागते. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटर पाणी धरले तर तेवढे पाणी दीड हेक्टर उसातच संपते. सबंध गावाचे पिण्याचे पाणी आणि पावणेचार एकर ऊस यांची बरोबरी होत असेल, तर पाणलोटाचे व्यवस्थापन हा मूलतः वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटपाचे नियम करण्याचे व पाळण्याचे काम ज्यांना ते पाणी वापरायचे आहे त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणालाही नीट करता येत नाही.

असे नियम करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर सुमारे तीन-चारशे वर्षे फड पद्धती चालत आली. नदीत दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळवले जाई, त्या पाटाखाली भिजणाऱ्या सबंध क्षेत्राला थळ म्हणत, आणि थळाचे बहुधा चार भाग, म्हणजे फड, पाडलेले असत. एका फडात एकच पीक किंवा सारख्या पाण्याची पिके घ्यायची, एखाद्या फडात ऊस असेल तर बाकीच्या फडांत हंगामी पिके घ्यायची आणि पुढील वर्षी हा क्रम फिरवायचा, असा दंडक असे. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे पाणी कमी पडले की एखाद-दुसरा फड कोरडा ठेवून कपात वाटून घेता येई. शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही, हा या पद्धतीचा सर्वांत शहाणपणाचा नियम होय. प्रत्येक शेताला पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे असे, पिकांची राखण जागल्या करी, आणि त्यांच्यावर देखरेख व तंट्यांचा निवाडा शेतकऱ्यांनी निवडलेले पंच करीत. वर्षातून एकदा पाटातील गाळ काढायला प्रत्येकाला हजर राहावे लागे. एकाच नदीवर असे अनेक बंधारे एकाखाली एक असत. वरच्या थळातून झिरपलेले आणि सांडलेले पाणी नदीत परतून खालच्या बंधाऱ्याला मिळत असे.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला असल्यामुळे भूमिहीनांना तीत स्थान नव्हते, आणि घरातील पाणी भरणाऱ्या स्त्रियांना पंचांत स्थान असण्याचा प्रश्नच तेव्हा कोणी विचारला नव्हता. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाच्या शिस्तीची गरज वाटेनाशी झाली. बहुतेक ठिकाणी फड मोडले ते यामुळे.

भूमिहीनांच्या हक्काचा राहिलेला प्रश्न विलासराव साळुंखे यांनी हाती घेतला. पुण्यात उद्योग चालवणारे हे अभियंते १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले आणि नायगाव येथे देवस्थानची ओसाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणलोट विकासाचा प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायतीची तत्त्वे तयार झाली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे, म्हणजे माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असेल. योजना एकट्यादुकट्याची नसून गटाची असेल आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थी स्वतः भरतील. २००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. पाणी ही निसर्गाची देणगी असल्याने तिच्यावर माणूस म्हणून हक्क पोहोचतो, हे त्यांनी अडीच एकरांच्या मर्यादेत, उसाच्या बंदीत आणि वर्गणीच्या आकड्यात बसवून दाखवले. इतक्या नेमकेपणाने हा विचार अमलात आणणारे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात सहज सापडणार नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरावर चर, बंधारे व वृक्षारोपण अशी कामे झाली. परंतु अशी कामे इतरत्रही झाली आहेत. हिवरे बाजार वेगळे ठरले ते श्रमदानाबरोबर स्वीकारलेल्या बंधनांमुळे: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याचा व ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके न लावण्याचा ठराव. विंधनविहिरीवरील बंदीचे कारण भूशास्त्रीय आहे. उघडी विहीर वरच्या, दरवर्षी भरणाऱ्या जलधरातून पाणी घेते, तर खोल विंधनविहीर अशा भेगांमधील पाणी काढते जे भरायला फार काळ लागतो, आणि पुष्कळदा वरच्या थरातील पाणीही खाली उतरवून शेजारच्या विहिरी कोरड्या पाडते. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरावीक विहिरींच्या पातळ्या मोजल्या जातात, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो. पाऊस किती पडला, त्यातील किती मुरला, माणसांना व जनावरांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत किती लागेल, हे वजा केल्यावर जे उरते त्यावर रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. पाऊस कमी झालेल्या वर्षी क्षेत्र कमी करायचे आणि कमी पाण्याची पिके घ्यायची, हा निर्णय पेरणीपूर्वी होतो. पीक उभे राहिल्यानंतर कोणताही ठराव कोणीही पाळू शकत नाही, हे या वेळापत्रकामागचे साधे व्यवहारज्ञान आहे.

गावाची सीमा आणि पाणलोटाची सीमा मात्र क्वचितच एक असते. ओढ्याच्या माथ्यावरचे गाव वेगळ्या ग्रामपंचायतीचे, कधी वेगळ्या तालुक्याचेही असते, आणि वरच्या गावाने जितके जास्त अडवले तितके खालच्या गावाला कमी मिळते ही गोष्ट आदर्श गावांच्या कौतुकात सहसा बोलली जात नाही. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या काठच्या सुमारे सत्तर गावांनी जोहड, म्हणजे मातीचे तलाव, बांधून नदी पुन्हा वाहती केल्यावर १९९९ मध्ये अरवरी संसद स्थापन केली ती याच कारणाने, कारण सबंध नदीचे नियम एका गावाला करता येत नाहीत. महाराष्ट्रात २००९ च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रांसाठी पाणलोट जलसंपत्ती समितीची तरतूद केली आणि साठ मीटरपेक्षा खोल विंधनविहिरींवर बंधन घातले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास तर १९९३ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. यांतील पाचशे मीटरचा नियम गावात बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि ज्यांना ठाऊक असतो त्यांना शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायची नसते. शेजाऱ्याशी वैर न घेता नियम पाळला जावा यासाठीच पूर्वी पंच नेमलेले असत.

पाणी किती आहे यावरून ते कसे आहे हेही बऱ्याच अंशी ठरते. नदीत सोडलेले सांडपाणी वाहत्या व पुरेशा पाण्यात विरळ होते आणि त्यातील सेंद्रिय घाण जिवाणू कुजवून टाकतात. पण त्या कुजण्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि या वापराच्या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. ती लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या वर गेली की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा तो पट्टा प्रदूषित ठरवते. मंडळाने २०१८ मध्ये देशातील असे ३५१ पट्टे नोंदवले, आणि त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. पायाप्रवाह आटलेल्या नदीत उन्हाळ्यात शहरांचे सांडपाणी तेवढे वाहते, आणि काठावरच्या विहिरी जोराने उपसल्या तर तेच पाणी मातीतून त्यांच्यापर्यंत पोहोचते. शहराने आपले सांडपाणी पूर्ण शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये, ही खालच्या गावांची मागणी म्हणूनच हक्काची आहे.

गावाच्या हातातील कामही थोडे नाही. विहिरीला कठडा व भोवती पक्का ओटा असावा, शौचालयाचा शोषखड्डा आणि उकिरडा उद्भवापासून किमान पंधरा मीटर दूर असावा, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टीसीएल पावडर ठरलेल्या मात्रेत टाकून, शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन पोहोचतो का ते तपासावे, ही त्यातील पहिली पायरी. शेवटच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असणे आवश्यक असते, आणि चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर येणाऱ्या पिवळ्या रंगावरून ते कोणालाही पाहता येते. आरोग्य विभाग पाण्याच्या उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रहिवाशाला आहे. परंतु क्लोरीन केवळ रोगजंतूंवर चालतो. खतांतून व मैल्यातून उतरणारे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, आणि पाणी उकळल्याने ते कमी न होता उलट दाट होते. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत खडकातूनच येणारे फ्लोराइड दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते आणि दात व हाडे कायमची बिघडवते. खोल विंधनविहिरींत ते अनेकदा अधिक आढळते, तर पावसाने दरवर्षी भरणाऱ्या उथळ विहिरींत कमी. खोल न जाता वरचा जलधर जपण्याचा जो नियम पाण्याच्या बचतीसाठी केला जातो तोच येथे मुलांच्या हाडांचेही रक्षण करतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी दरवर्षी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते, आणि ऑक्टोबरची नोंद रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर येते. ज्या गावात अद्याप ताळेबंद मांडला जात नाही तेथील वाचकांनी या ऑक्टोबरमध्ये आपल्या पाणलोटातील विहिरीचा आकडा आणि गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामसभेत मागावा, ओढ्याच्या वरच्या व खालच्या गावांतील माणसांनाही त्या बैठकीला बोलवावे, आणि पहिला ठराव पिण्याच्या पाण्याचा वाटा बाजूला काढण्याचा करावा.